देव बसेपर्यंत

शिरवणे,
११ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
कुंदनचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे आहेत तसेच आहेत. फोन मी बंद करून कपाटात ठेवला आहे, म्हणून लिहितोय. तुझ्या भावजयीने, सोनमने, तुला ते हसत सांगितलं असेल. घरी ती हसत नाही.

फोन वाजला की माझ्या छातीत ठोके सुरू होतात. दुसऱ्या कोणाचा वाजला तरी. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पंपरूममध्ये पॅनल उघडून बसलो होतो. वॉचमनचा फोन वाजला आणि माझ्या हातातला टेस्टर खाली पडला. तळहात ओले झाले, डोळ्यांपुढे काळं आलं. वॉचमनने पंख्याखाली बसवून साखरपाणी दिलं. मग ईसीजी झाला, इको झाला, रक्त झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याकडे माणूस खोटा ठरतो. काका म्हणाले, पोऱ्याला कामाचा कंटाला आयलाय, दुसरा काय नाय.

आता आईचं. सहा महिने झाले, ती बोलत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं गावोगावच्या मांडवांत धवले म्हटले, भटजी यायच्या आधी देवांना आणि पितरांना नाव घेऊन लग्नाला बोलावलं, ती आता पाणी हवं असलं तरी तांब्याकडे नुसती बघते. नेरुळला डॉक्टर सईंकडे नेलं. दुर्बीण घालून त्यांनी घसा पाहिला. घसा स्वच्छ आहे, स्वरतंतू नीट हलतात. मी विचारलं, मग ती मुद्दाम करते का? त्यांनी मलाच विचारलं की तुमची झोप कशी आहे.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. मेंदूच्या बुडातून एक लांब नस निघते. गळा, काळीज, पोट, सगळ्यांना शिवत खाली जाते. संकट आलं की शरीर आपल्याला न विचारता ठरवतं. एक तर सगळं जोरात सुरू करतं, म्हणजे पळता येईल किंवा मारता येईल. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर सगळं मंद करून आत बसून राहतं. मग भूक जाते, रडू जातं, आवाज जातो. माझं पहिलं झालंय, आईचं दुसरं. संकट होऊन गेलं हे दोघांच्याही शरीराला अजून कळलेलं नाही. म्हणूनच मे महिन्यातही तिचे हात गार होते.

रूपेश, तिच्या पोटचा पोर, गेल्याचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, किती वाजता? मी म्हणालो, बारा पस्तीस. त्यानंतर शब्द नाही. मला तेव्हा वाटलं, तिला धड कळलंच नाही.

दाजींना नमस्कार, मनस्वीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
कुंदन

*

उरण,
२० ऑगस्ट २०२४

चि. कुंदनास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमनने दारात उभं राहून माझं नाव दोनदा वाचलं. आमच्या आळीत फक्त आधार कार्डं येतात. तुझं अक्षर अजून तसंच, शाळेतल्यासारखं डावीकडे कलंडलेलं. आणि लिहितोस अर्ज केल्यासारखं. पुढच्या वेळी खाली सही-शिक्का मार.

डॉक्टर बाई हुशार दिसतात. पण शरीराला कळलेलं नाही म्हणजे काय? मला तर सगळं कळलंय. मी उठते, डबे करते, दाजींना यार्डात पाठवते, मनस्वीच्या मागे लागते. मला काही झालेलं नाही. फक्त एक दाढ तडकली. दातांचा डॉक्टर विचारतो, रात्री दात खाता का? मी म्हटलं, रात्री मी झोपते. तो म्हणाला, झोपेतच खाता. प्लास्टिकची पट्टी करून दिलीय, तोंडात घालून झोपायचं. तुझे दाजी म्हणाले, घोडीला लगाम लागला एकदाचा.

खरी बातमी ही की मनस्वीचं ठरलं. मुलगा करंजाचा, सनी नाव. बोट आहे घरची, स्वतः मात्र बंदरात नोकरी करतो. हळद सहा फेब्रुवारीला. रूपेशला वर्ष होतंय न होतंय तोच, असं लोक म्हणतील. म्हणू देत. सहा महिने घरात कोणी जोरात हसलेलं नाही.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते. धवले आईच म्हणणार. माझ्या दारात दुसरी बाई बसणार नाही. माझ्या लग्नात ती सहा तास बसली होती, पोटात पाणी नव्हतं. नातीसाठी बसणार नाही असं होईल का? सहा महिने आहेत हातात. त्या सहा महिन्यांत तिचा आवाज आणायचा. तू प्रयत्न कर, नाहीतर तिला माझ्याकडे पाठव. ती नातीच्या मांडवात बोलली नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, असं मला आतून वाटतं.

त्या दिवसाचं मात्र मला काही विचारू नकोस. हॉस्पिटलात मी होते, मी पाहिलं. ते माझ्याजवळ राहू दे.

सोनमला सांग, हसायला शिकव त्याला. आठवण ठेव, आणि वेळेवर जेव.

तुझी,
ताई

*

शिरवणे,
८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गणपतीचा प्रसाद सोबत पाठवता येत नाही, तो इथेच तुझ्या नावाने खाल्ला. मनस्वीचं ऐकून बरं वाटलं. आईला सांगितलं. तिने मान हलवली नाही, पण माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

डॉक्टर सईंना तुझा बेत सांगितला. त्यांना तो आवडला नाही. म्हणाल्या, तारीख ठरवून हे होत नाही. आवाज ओढून बाहेर काढायचा नसतो. शरीराला पुन्हा पुन्हा कळावं लागतं की इथे भीती नाही. त्यांनी साध्या गोष्टी दिल्यात. कोमट पाण्यात पाय. श्वास आत घेतो त्यापेक्षा हळू बाहेर सोडायचा. तोंड मिटून नुसता हुंकार, कारण ती नस गळ्यातून जाते, तिला तो कंप लागतो. आणि शेजारी असा माणूस हवा, ज्याच्या स्वतःच्या छातीत ठोके पडत नाहीत. एका शरीराला दुसऱ्याचं कळतं, त्या म्हणाल्या, तोंडाने काही सांगावं लागत नाही. हे शेवटचं मी कुठून आणू? आम्ही दोघं पडवीत बसतो. मी हुंकार भरतो. ती माझ्याकडे बघते आणि माझा श्वास वर चढतो.

माझ्या धंद्यातलं सांगतो. घरात कुठे शॉर्ट झाला की एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो. घर जळू नये म्हणून पडतो. लोक काय करतात, फॉल्ट न शोधता दांडी पुन्हा वर ढकलतात. पुन्हा पडते, पुन्हा ढकलतात. शेवटी वायर जळते. आईचा एमसीबी पडलाय. फॉल्ट कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणून आज लिहितो. तू विचारू नकोस म्हणालीस. मी विचारत नाही, फक्त माझ्या बाजूचं सांगतो.

काकांच्या तेजसच्या हळदीला तू उरणहून निघाली होतीस. रूपेशच्या कंपनीतल्या माणसाने तुला फोन लावला आणि तू वाशीला हॉस्पिटलात गेलीस. अकरा चाळीसला तुझा मला फोन आला. रूपेश भाजलाय, सिरीयस आहे, देव बसू दे, मग आईला घेऊन ये. तेव्हा आईची पहिल्या देवाला हाक मारून झाली होती. तिची रीत आपल्याला पाठ आहे. एकदा हाक मारली की शेवटचा देव बसेपर्यंत उठायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. मध्येच उठलं तर बोलावलेले देव दारात उभे राहतात, आणि ते नवरा-नवरीला लागतं. काकांचा एकुलता पोर. मी मांडवात रोवलेल्या उंबराच्या फांदीपाशी जाऊन उभा राहिलो. खिशात फोन थरथरायला लागला. सतरा वेळा थरथरला. मी एकदाही काढला नाही. तू काय सांगणार ते मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

आईने एकदा वर पाहिलं, सरळ माझ्याकडे. मी हसलो. मला वाटतं मी हसलो.

तिला सांगितलं असतं तर ती उठली असती का, मला माहीत नाही. पण ते तिचं तिने ठरवलं असतं. मी तिला विचारलंच नाही. रागावली आहे ती माझ्यावर, आणि तिचं बरोबर आहे. तिला घेऊन जा. माझ्याजवळ ती बरी होणार नाही.

विसर्जन झालं की पोचवतो. माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.

तुझा,
कुंदन

*

उरण,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. कुंदनास,
अ. उ. आ.

महिना झाला आईला येऊन, आणि आज लिहायला चांगलं आहे. दोन भाकऱ्या खाते. तांदळाच्या, मी थापलेल्या. पहिल्या दिवशी तिने भाकरी उलटीसुलटी करून पाहिली आणि कडा बोटाने दाबली. म्हणजे जाड झाली. सात महिने मुकी असलेली बाई मला भाकरी जाड झाली म्हणून सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी पातळ थापते.

संध्याकाळी मनस्वी तिला मोरा बंदराकडे नेते. ओहोटीला चिखलात निवट्या, ते बोटभर मासे, उड्या मारतात, ते बघत बसते. पाऊल वाजलं की निवटी भोकात जाते. मनस्वी म्हणाली, आजी, ती बाहेर कधी येते? आजीने तिचा हात धरून खाली बसवलं. हलायचं नाही, असं. बऱ्याच वेळाने निवटी आली. पोर येऊन मला सांगत होती आणि रडत होती.

परवा मासे साफ करताना आईच्या गळ्यातून आवाज आला. गाणं नव्हे, शब्द नव्हे. एक लांब स्वर, चाल धरायच्या आधी ती लावायची तसा. मी विळीवरून मान वर केली नाही. विळीने बोट कापलं ते नंतर कळलं. हातही गार नाहीत आता तिचे.

म्हणून सुचलं ते ऐक. तेजसच्या लग्नाचं शूटिंग असेल ना? त्यात आईचे पुरे धवले असणार. तिचाच आवाज तिला ऐकवायचा. ऐकता ऐकता तोंडात येईल. लहान पोराला असंच शिकवतात. तेजसकडून घे आणि पाठव. तुझी डॉक्टर नाही म्हणेल. तिने कुठे पाहिलंय आईला मांडवात?

आई तुझ्यावर रागावलेली नाही. तसं लिहू नकोस. मला वाईट वाटतं, आणि दाढ ठणकते.

दिवाळीला ये. चार जणांत बस. आमच्यावर जीव आहे ना, तो दिसू दे कधी.

तुझी,
ताई

*

शिरवणे,
४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

दिवाळीला आलो नाही. फटाक्यांत रस्त्यावर निघणं जमत नाही.

डॉक्टर सईंनी स्पष्ट नको म्हटलं. ती निवटी आता कुठे तोंड बाहेर काढते आहे, तिच्या भोकापाशी पाय आपटू नका, असं त्यांच्या भाषेत म्हणाल्या. मला पटलं. तरी तेजसकडे गेलो. न कापलेलं शूटिंग त्याच्याकडे होतं, पेन ड्राइव्हवर घेतलं. तो म्हणाला, दादा, आमी पन बघितला नाय रे आजून, हिंमत नाय होत. मीही पाहिलेलं नाही.

काकांचा ड्रायव्हर उरणला येतोय, त्याच्या हाती देतो. का देतो? तिचा आवाज मला ऐकायचा आहे. दांडी वर ढकलणाऱ्या लोकांना मी नेहमी हसायचो.

कळव. जमेल तितकी ओढ ठेव.

कुंदन

*

उरण,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. कुंदनास,
आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. सोनमला जवळ बसव.

मागच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीला लावलं. आई, मनस्वी आणि मी. दाजी यार्डात होते. सुरुवातीला आई ठीक होती. स्वतःला बघून तिने पदर नीट केला. देवांना हाका सुरू झाल्या तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. मनस्वीने माझा हात दाबला. मला वाटलं, झालं. आता येईल.

मग कॅमेरा फिरला आणि तू दिसलास. उंबराची फांदी, बाजूला तू, एक हात खिशात. कुंदन, तू हसला नव्हतास. तुझं तोंड मेलेल्या माणसाला पाहून आलेल्यासारखं होतं. कॅमेरा परत आईवर आला. देवांना हाका संपल्या होत्या, ते बसायचे बाकी होते, आणि घरातल्या पितरांना बोलावणं चाललं होतं. आजा, आजी, थोरले काका. मग आपले बाबा, धर्मराज. इथे यादी संपते, ती थांबते, तुला माहीत आहे. ती थांबली नाही. तिने वर पाहिलं. एक श्वास घेतला, नेहमीपेक्षा लांब. आणि त्याच चालीत, आवाज न हलवता, रूपेशला बोलावलं. लग्नाला ये म्हणून. पितरांच्या रांगेत.

बाहेर बँजोवाले वाद्यं लावत होते. मांडवात शंभर माणसं होती, कोणाच्या कानावर गेलं नाही. तुझ्याही नाही.

मी टीव्ही बंद करायला उठले. आईने माझा हात धरला आणि पडद्याकडे बोट केलं. तिच्या मागे काकांच्या पडवीतलं घड्याळ दिसत होतं. बाराला पाच कमी.

तू तिला बारा पस्तीस सांगितलंस. आता कळलं का, तिने किती वाजता असं का विचारलं ते? तिला सगळं कळलं होतं रे. तुझ्या तोंडावरून तिने ओळखलं की कामावर असलेला पोर गेला, आणि देवांना सोडून उठायचं नाही म्हणून जिथे बसली होती तिथूनच त्याला बोलावून घेतलं. आणि तो तेव्हा जिवंत होता. जिवंत पोराचं नाव तिने मेलेल्यांत घेतलं, आणि चाळीस मिनिटांनी तो गेला. नऊ महिने ती हे एकटी घेऊन बसली आहे. ज्या तोंडाने घेतलं ते तोंड तिने बंद केलं. तुझ्यावर रागावली नव्हती ती.

आता माझं. तुझ्यासाठी दाबून ठेवलं होतं, आता ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही. रूपेश शुद्धीवर होता. मी तुला पहिला फोन केला, त्यानंतर त्याने विचारलं, आई आयली का? मी म्हटलं, धवल्यांना बसली आहे, उठता येत नाही. तो म्हणाला, मंग तिला आधी जेवू द्या, उपाशी आसल. मी हाय.

तो असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, देव गेले खड्ड्यात. म्हणून तुला फोन लावत राहिले. सतरा वेळा. आईला आत्ता आण, एवढंच सांगायचं होतं. नंतर ठरवलं की हे तुला कधीच सांगायचं नाही.

त्या दुपारपासून आईने भाकरीला हात लावलेला नाही. दोन दिवस सलाईनवर होती, काल घरी आणली. तो स्वरही गेला. हात पुन्हा गार झालेत. डॉक्टर सईंचं बरोबर होतं, आणि माझ्या घरात ते मीच केलं. माझी दाढ काढावी लागली. दुखत नाही आता.

मला माफ करू नकोस, पण मला तोडू नकोस.

ताई

*

शिरवणे,
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

दुसरा कागद आईसाठी आहे. तिला वाचून दाखव. सतरा वेळांचं मला तुला काही लिहिता येत नाही.

छातीतले ठोके गेले. काल सोनमचा फोन माझ्या कानाशी वाजला, मला काहीच झालं नाही. सोनमला वाटतं, मी बरा झालो. तिने देवाला नारळ ठेवला. डॉक्टर सईंनी नाडी पाहिली, माझा हात बराच वेळ हातात धरला, आणि आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं. भूक लागत नाही एवढंच.

कुंदन

*

(दुसरा कागद)

ती. आईस,
कुंदनचा शि. सा. नमस्कार.

आई, ताई वाचते आहे, पण हे मी बोलतोय असं धर.

तू नाव घेतलंस तेव्हा रूपेश जिवंत होता. ते तुला घड्याळावरून माहीत आहे, मी खोडत नाही. पण तू नाव घेतलंस म्हणून तो गेला नाही. तो कंपनीत भाजला. डॉक्टरांनी ताईला साडेअकरालाच सांगितलं होतं की संध्याकाळ दिसणार नाही.

तू माझं तोंड वाचलंस. त्यावर होतं ते तू बरोबर वाचलंस. तेच खोटं होतं. तो आहे की गेला हे मला माहीत नव्हतं, मी फक्त घाबरलो होतो. फोन उचलला असता तर कळलं असतं की तो आहे आणि बोलतो आहे. आपल्या दारापासून वाशीपर्यंत वीस मिनिटं लागतात. नाव तुझ्या तोंडून निघालं, पण तुझ्या तोंडात ते मी घातलं. ते माझ्याकडे दे.

त्याने तुझं विचारलं होतं. ताईने सांगितलं की तू धवल्यांना बसली आहेस. तो म्हणाला, तिला आधी जेवू द्या, मी हाय.

तुझा,
कुंदन

*

उरण,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदनास,
आशीर्वाद.

मनस्वी सासरी गेली. तू हळदीला आलास आणि गेटपाशी खुर्चीवर बसून परत गेलास. मला दिसलं होतं. सोनमने पोरीला साडी दिली, तुझं नाव सांगितलं. आत का आला नाहीस हे मी विचारणार नाही.

आत काय झालं ते सांगते. धवले म्हणायला बेलापूरकडची बाई आणली. माझ्या दारात दुसरी बाई बसणार नाही म्हणाले होते मी. बाई बरी होती, माइकवर म्हणाली. देव झाले, मग तिने मला खुणेने जवळ बोलावलं. घरातले कोण कोण गेलेत ते सांगा, मला नावं माहीत नाहीत. लग्न माझ्या सासरचं, तरी तिने माहेरचीही विचारली, कारण आई समोर बसली होती. मी आजापासून सांगत गेले. धर्मराजपर्यंत आले आणि थांबले. तिने विचारलं, आनखी कोन? आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, कोणी नाही. मग रूपेशला कोणी बोलावलं नाही. जिवंतांतही नाही, मेलेल्यांतही नाही. आईने डोळे खाली घेतले. बरं केलंस की वाईट केलंस, ते तिच्या तोंडावर काही दिसलं नाही.

आवाज आलेला नाही. तुझ्या डॉक्टर सई येऊन गेल्या, आपणहून आल्या, दिवसभर राहिल्या. म्हणाल्या की येईलच असं मी आता म्हणत नाही. वजन चव्वेचाळीस झालंय.

तुझं पत्र डिसेंबरातच वाचून दाखवलं होतं. तुला कळवलं नाही, कारण काय कळवावं ते कळत नव्हतं. वाचत होते तेव्हा ती कागदाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. संपल्यावर तिने बोट फिरवलं, पुन्हा. पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी तिने वरचं नको केलं आणि बोट खाली आणलं, शेवटच्या ओळीवर. तिला वाचता येत नाही, पण ओळ कुठे आहे ते तिला कळलं होतं. त्या दिवशी सात वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद हातात घेऊन चुलीपाशी उभी. वाचलं तर जेवते. न वाचलं तर ताट तसंच. रोज दोन वेळा, दोन घासांच्या आधी. रडत नाही. रडली तर बरं, असं डॉक्टर म्हणतात. मी हाय इथे आले की तिचे ओठ हलतात. नुसते ओठ.

एकदा मी कागद न घेता तोंडाने म्हटलं. मला पाठ आहे. मी स्वतः ऐकलंय ते, त्याच्या तोंडून. आईने तोंड फिरवलं. दहा महिने मी ते दाबून ठेवलं होतं, माझ्या तोंडून ते तिला खरं वाटत नाही. कागद लागतो. तुझ्या हातचा.

तो कागद आता घडीवर फाटलाय. नेमका त्याच ओळीवर. मी वरून पट्टी चिकटवली, तर अक्षर दिसेना. म्हणून लिहिते. ती ओळ पुन्हा लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस, तुझी खुशालीही नको. तेवढीच ओळ लिही. तशीच, डावीकडे कलंडलेली. चार-पाच कागदांवर लिहून ठेव, म्हणजे पुरतील.

लोभाचं मी मागत नाही. कागद पाठव.

ताई